व्हॉलीबॉलमधील तीन स्पर्शांचा नियम : संख्या आणि व्याख्या

चेंडू आपल्या बाजूस आला की तो तीन स्पर्शांच्या आत जाळीपलीकडे पाठविला पाहिजे, हा व्हॉलीबॉलचा सर्वांत परिचित नियम होय. अतिपरिचयामुळे तो खेळाइतकाच जुना असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. शिवाय या नियमाचा इतिहास केवळ ‘तीन’ या संख्येचा नाही. ‘स्पर्श’ कशास म्हणावे, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

अमेरिकेतील होलिओक येथे विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ योजिला, तो वाय. एम. सी. ए.च्या प्रौढ सभासदांना बास्केटबॉलहून सौम्य व्यायाम मिळावा म्हणून. त्यात खेळाडूंच्या संख्येस मर्यादा नव्हती आणि स्पर्शांसही नव्हती. एल्वुड ब्राउन यांनी १९१० मध्ये खेळ मनिला येथे नेला. तेथील खेळाडू चेंडू पलीकडे न पाठविता आपापसांतच दीर्घकाळ फिरवीत आणि त्यावर उपाय म्हणून तिनाची मर्यादा आली, असे सांगितले जाते. अधिकृत नियमांत ती १९२० च्या सुमारास रूढ झाली. एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा चेंडू खेळू नये, हे बंधन तिच्या जोडीस असल्याने एकाने घ्यावा, दुसऱ्याने उचलून द्यावा, तिसऱ्याने मारावा, अशी श्रमविभागणी स्थिर झाली. मर्यादेने खेळाचे कौशल्य संकोचले नाही; उलट त्यास आकार आला.

खेळाडूंची संख्या मात्र बदलत राहिली. मनिला येथील १९१३ च्या अतिपूर्वेकडील क्रीडास्पर्धांत एका बाजूस सोळा खेळाडू होते. पुढे आशियात नऊ, तर अन्यत्र सहा रूढ झाले. टोकियो (१९५८) व जाकार्ता (१९६२) येथील आशियाई स्पर्धांत दोन्ही प्रकार खेळले गेले. जाकार्ता येथे सहांच्या प्रकारात भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळविले.

त्या काळी ब्लॉक करताना हातास लागलेला चेंडूही तिनांपैकी एक स्पर्श म्हणून मोजला जाई. त्यामुळे बचाव करणाऱ्या संघापाशी दोनच स्पर्श उरत. एकाने चेंडू सावरावा आणि दुसऱ्याने तो परतवावा, एवढाच अवकाश राही. सुसंघटित प्रतिहल्ला दुष्कर होता. १९७६ मध्ये ब्लॉकचा स्पर्श गणनेतून वगळण्यात आला. संख्या तीनच राहिली. परंतु बचावास घेणे, उचलणे, मारणे हा संपूर्ण क्रम पुन्हा उपलब्ध झाला. पुढे १९९५ पासून पायासह शरीराच्या कोणत्याही भागाचा स्पर्श ग्राह्य ठरला. वाळूवरील व्हॉलीबॉलमध्ये मात्र ब्लॉकचा स्पर्श आजही मोजला जातो.

पुण्यातील बालेवाडी येथे २००९ मध्ये झालेली जागतिक कनिष्ठ पुरुष स्पर्धा, जी ब्राझीलने जिंकली, या विस्तारित व्याख्येखाली खेळली गेली. जाकार्ता आणि बालेवाडी येथील सामन्यांत स्पर्शांची नियमोक्त संख्या एकच होती. पण बचाव करणाऱ्यास लाभणारी संधी एक नव्हती. म्हणून १९६२ च्या संघाचा बचाव आजच्या मापाने जोखणे अन्यायाचे ठरेल. नियमाचा आकडा टिकून असला तरी त्याचा अर्थ टिकून आहे असे गृहीत धरता येत नाही. क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने आकड्याबरोबर तत्कालीन व्याख्याही तपासणे अगत्याचे आहे.