चांदीची गाडी आणि एका टीएक्सआरचा नकार

झाशीला पोस्टिंग आलं म्हटल्यावर घरच्यांना राणी आणि तिचा किल्ला आठवला. मला आधी आठवलं ते स्टेशन. फौजेत वीस वर्षं काढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी रात्री दोन वाजता झाशीच्या फलाटावर होल्डॉलवर बसून चहा प्यायलेला असतो. आता स्टेशनचं नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाशी झालंय, पण त्या चहाची चव काही बदललेली नाही.

हे स्टेशन इथे उभं राहिलं त्यामागे एक अदलाबदल आहे. १८५८ नंतर झाशीचं शहर इंग्रजांनी शिंद्यांना देऊन टाकलं होतं आणि ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःच्या फौजेच्या ताब्यात ठेवला होता. १८८६ मध्ये त्यांनी शिंद्यांना किल्ला परत केला आणि झाशी घेतली. तीनच वर्षांत, १८८९ मध्ये, इंडियन मिडलँड रेल्वेचे रूळ इथून भोपाळ, कानपूर आणि ग्वाल्हेरकडे धावू लागले. किल्ला शिंद्यांना मिळाला आणि जंक्शन झाशीला.

त्याच १८८६ साली ग्वाल्हेरच्या गादीवर नऊ वर्षांचे माधवराव शिंदे बसले. मोठेपणी त्यांना आगगाडीचं असं वेड लागलं की विचारू नका. इंजिन ते स्वतः चालवत. त्यांच्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अवघं दोन फूट. एक फाटा भिंडला, एक शिवपुरीला आणि एक थेट श्योपूरला जायचा. श्योपूरचा फाटा जवळजवळ दोनशे किलोमीटरचा; एवढ्या अरुंद रुळांवर इतका लांबचा प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी होता. टपावर माणसं बसलेली ती इवलीशी गाडी २०२० च्या लॉकडाऊनपर्यंत धावत होती. त्यानंतर तिच्या जागी ब्रॉडगेज येऊ लागलं.

पण माधवरावांची सगळ्यात नवलाची गाडी आणखी लहान. ती जेवणाच्या टेबलावर चालायची! आजही जयविलास राजवाड्यात गेलात तर ती बघायला मिळते. झाशीहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. चांदीचं छोटं इंजिन, मागे डबे, डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं. टेबलावर चांदीचे रूळ. जेवण झालं की ही गाडी ब्रँडी, पोर्ट आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. पाहुण्याने बाटली उचलली की गाडी थांबे. बाटली जागेवर ठेवली की पुढे निघे.

या गाडीच्या अपघाताचा किस्सा लॅपिए आणि कॉलिन्स यांच्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’मुळे जगभर पोहोचला. व्हाइसरॉयसाठी मेजवानी होती. विजेच्या जोडणीत काहीतरी बिघडलं आणि गाडी सुसाट सुटली. थांबायलाच तयार नाही. रस्सा, मांस, वाटाण्याचा लगदा, सगळं पाहुण्यांच्या भरजरी कपड्यांवर उडवत ती टेबलाभोवती फिरत राहिली. वाचताना हसू आवरत नाही.

हसून झाल्यावर मात्र त्या गाडीची रचना नीट पाहावी. बाटली उचलली की वीज तुटते आणि गाडी थांबते. म्हणजे काही हललं, काही निसटलं, की आपोआप थांबायचं. खऱ्या रेल्वेचा हवेचा ब्रेक याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेच्या वेस्टिंगहाउसने तो १८७० च्या दशकात आणला. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एका नळीत दाबाखाली हवा भरलेली असते. नळी तुटली, डबा सुटला, की दाब पडतो आणि ब्रेक स्वतःहून लागतात. फक्त ही नळी सगळ्या डब्यांना जोडलेली असावी लागते. ती जोडलेली नसेल तर काय होतं, हे फ्रान्समध्ये दिसलं.

१२ डिसेंबर १९१७. इटलीच्या आघाडीवरून फ्रेंच जवान सुट्टीवर घरी निघाले होते. नाताळ तोंडावर आलेला. आल्प्समधल्या मोदान स्टेशनात दोन गाड्या जोडून एकोणीस डब्यांची एक गाडी केली. जवान हजाराच्या आसपास, इंजिन एकच. हवेचा ब्रेक चालत होता फक्त पहिल्या तीन डब्यांत. पुढे तीव्र उतार. ड्रायव्हर झिरारने आधी नकार दिला. त्याला तो घाट ठाऊक होता. पण लष्करी वाहतूक अधिकाऱ्याने हुकूम दिला, आणि युद्धकाळात हुकूम मोडणं म्हणजे काय हे त्यालाही माहीत होतं. गाडी निघाली. ताशी चाळीसची मर्यादा असलेल्या घाटात वेग शंभराच्या पुढे गेला आणि सां-मिशेल-द-मोरिएनजवळ लाकडी डबे एकमेकांवर चढून पेटले. चारशेहून अधिक जवान गेले. आघाडीवर वाचलेली ही पोरं घराच्या वाटेवर गेली. सेन्सॉरमुळे बातमी जवळजवळ दाबली गेली. रेल्वेच्या माणसांवर कोर्ट मार्शल झालं, त्यात ते निर्दोष सुटले.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली ती वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजच्या लायब्ररीत, आणि पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. कारण त्याच्या काही वर्षं आधी, एका साइडिंगवर, त्या अधिकाऱ्याच्या जागी मी उभा होतो.

मी कॅप्टन होतो आणि स्पेशलचा ओ.सी. ट्रेन. मे महिना. रणगाडे फ्लॅटवर चढवून, साखळ्या आवळून, ठोकळे ठोकून जवान घामाने निथळले होते. वरून फोनवर फोन. आणि रेल्वेचा टीएक्सआर, निवृत्तीला आलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस, ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही करेना. “साहब, पीछे तक प्रेशर नहीं पहुँच रहा.” मी आवाज चढवला. माझ्या खांद्यावरचे तारे त्याला दिसावेत असा उभा राहिलो, हे कबूल करतो. तो शांतपणे म्हणाला, “आप लिखकर दे दीजिए, फिर भी मैं साइन नहीं करूँगा.”

हातात टॉर्च घेऊन तो पुन्हा वॅगनींच्या खाली वाकत चालत गेला. दोन होज पाइप चिरलेले निघाले. ते बदलले, दाब पुन्हा तपासला, मग सही झाली. गाडी चार तास उशिरा सुटली. मला बोलणी बसली. त्याला मी धन्यवादसुद्धा दिले नाहीत.

आता कोणी तरुण अधिकारी स्पेशल घेऊन निघाला की मी त्याला मोदानची गोष्ट सांगतो. कॉन्व्हॉयचा मेकॅनिक असो की फायरिंग रेंजवरचा हवालदार, ज्याला त्या यंत्राची खबर आहे तो “नाही” म्हणाला, तर आपला हुद्दा बाजूला ठेवून आधी कारण ऐकायचं. आणि काम झाल्यावर त्याला एक चहा पाजायचा. तेवढा चहा माझ्याकडून राहून गेला.