चार तास शेहेचाळीस मिनिटं

६ ऑगस्ट २०२०, पहाटे २:५०
मडुरे आणि पेडणे या दोन स्टेशनांमधल्या बोगद्यात भिंतीचा सुमारे पाच मीटरचा भाग कोसळला. टाळेबंदीचे दिवस होते. कोकण रेल्वेवरून धावणाऱ्या मोजक्या विशेष गाड्या मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या.

१० जून २०२४
पावसाळी वेळापत्रक सुरू झालं, ३१ ऑक्टोबरपर्यंतचं. तयारी दरवर्षीचीच: गटारं उपसायची, दरडींवर जाळ्या टाकायच्या, गस्तीला साडेसहाशेहून जास्त माणसं नेमायची. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. गस्तवाल्याच्या कंदिलाला ती रात्र ठाऊक आहे. पण कंदील दाखवतो ते रुळांवर पडलेलं. डोंगराच्या पोटात काय साचलंय, ते त्याला दिसत नाही.

पेडण्याच्या बोगद्याची अडचण पोटातलीच. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरांत नव्वदहून जास्त बोगदे आहेत, बहुतेक कातळातले. मोजके मऊ मातीतले, आणि त्यांतला हा सर्वांत हट्टी. खणलेलं पुन्हा ढासळायचं. त्याच्यापायी सगळा मार्ग अडून राहिला. २६ जानेवारी १९९८ ला तो एकदाचा सलग खुला झाला.

७ जुलै, रविवार
गोव्यात धुवांधार. सत्तरीतल्या पाली धबधब्यावर ऐंशीच्या वर सहलकरी अडकले, त्यांना बाहेर काढावं लागलं. हवामान खात्याचा लाल इशारा होता.

८ जुलै, सोमवार
गोव्यातल्या बारावीपर्यंतच्या शाळांना सुट्टी. मुंबईत रात्री १ ते सकाळी ७ या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. लोकल बंद पडल्या, बातम्यांत मुंबई होती. बोगद्यावरच्या मालप्याच्या डोंगरावर पडलेलं पाणी जमिनीत मुरत होतं. मुरलेल्या पाण्याची बातमी होत नाही.

९ जुलै, मंगळवार, १४:३५
बोगद्यात पाणी झिरपत असल्याचं कळलं. वाहतूक थांबवली. हा निर्णय चोख होता, त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही.

संध्याकाळ
पेडणे तालुक्यातल्या धारगळच्या माणसाला मुंबईची गाडी म्हणजे पेडणे, नाहीतर थिवी. दोन्हींच्या पुढे, मुंबईच्या दिशेला, आता रूळ बंद होते. उरला हायवे, तो धारगळवरूनच जातो.

२२:१३
लाइन फिट. बंद पडल्याला ७ तास ३८ मिनिटं झाली होती.

लाइन फिट म्हणजे काय, ते इथं नीट बघायला हवं. रुळांमधलं अंतर मोजतात, दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का पाहतात, खडी बघतात. मग जबाबदार अधिकारी लेखी कळवतो, स्टेशन मास्टर तशी नोंद करतो आणि ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर पडते: इथून इथपर्यंत इतक्याच वेगाने. कागद रुळांबद्दल खरंच बोलतो. डोंगराबद्दल त्यात रकाना नाही.

खोळंबलेल्या गाड्या सुटू लागल्या.

डोंगरात साचलेलं पाणी दिसत नाही; बर्फाच्या मुलखात ओझं निदान डोळ्यांना दिसतं. पोलंडमधल्या कातोवित्से इथल्या प्रदर्शन-सभागृहाचं छप्पर २००२ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने वाकलं होतं. डागडुजी झाली, सभागृह चालू राहिलं. २८ जानेवारी २००६ ला आत शर्यतीच्या कबुतरांचं प्रदर्शन होतं आणि वर न काढलेला बर्फ. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास छप्पर खाली आलं, ६५ माणसं मेली. तिथे शिडी लावून वर चढलं असतं तर बर्फ हाताला लागला असता. पेडण्यात शिडी लावायची कुठे? तरीही चार वर्षांपूर्वी डोंगराने एकदा सांगून ठेवलं होतं, तेही याच बोगद्यात.

मध्यरात्र
तारीख बदलली.

१० जुलै, बुधवार, २:५९
पाणी पुन्हा आलं, आधीपेक्षा जोराने. लाइन फिट झाल्याला ४ तास ४६ मिनिटं झाली होती. २०२० ची भिंतही साधारण याच वेळेला पडली होती, नऊ मिनिटं आधी. योगायोगच. पण रात्रपाळीच्या माणसाला तो योगायोग वाटत नसणार.

वाहतूक पुन्हा बंद.

सकाळ
मांडवी रद्द. जनशताब्दी रद्द. लांब पल्ल्याच्या गाड्या लोंढा-मिरजमार्गे घाटावरून वळवल्या. स्टेशनांवर पाट्या लागल्या, चौकशीच्या खिडकीवर एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. बोगद्यात माणसं आणि यंत्रं पाण्याशी झगडत होती.

२०:३५ च्या सुमारास
लाइन पुन्हा फिट. या वेळी साडेसतरा तास गेले होते. जीवितहानी नाही.

१४ जुलै, रविवार, संध्याकाळ
खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ, बोगद्याच्या तोंडाशी दरड रुळांवर आली. मार्ग पुन्हा बंद. वेळापत्रकाप्रमाणे पावसाळ्याचे अजून साडेतीन महिने बाकी होते.