१७. ‘मॉरिस बंधू’

अँगलसी बेटावरचे लुईस (१७०१–१७६५), रिचर्ड (१७०३–१७७९) आणि विल्यम (१७०५–१७६३) हे भाऊ. लुईस कवी व भूमापक. रिचर्डने १७५१ साली लंडनमध्ये वेल्श लोकांची ‘कम्रोडोरियन’ ही संस्था काढली. मूळ लेखकाने ‘मॉरिस घराणे’ म्हटले आहे, पण ‘मॉरिस’ हे कुळाचे नाव नव्हे. वडील मॉरिस अप रिशार्ट, म्हणजे रिशार्टचा मुलगा मॉरिस; इंग्रजी वळणाने तेच ‘प्रिचर्ड’. मुलांनी आडनाव म्हणून लावले ते बापाचे पाळण्यातले नाव. आपल्याकडे असे नाव मधे बसते आणि आडनाव वेगळे राहते. तिथे तेच शेवटी जाऊन गोठले. त्याच बेटावरचे गणिती विल्यम जोन्स (वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी १७०६ साली ‘पाय’ हे चिन्ह वापरणारे) यांचेही तसेच: ‘जोन्स’ आले ते शोन या पितृनामावरून. त्यांचे चिरंजीव म्हणजे ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे सर विल्यम जोन्स.

१५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला तेव्हाच आडनावे स्थिरावली, असा आक्षेप येईल. बड्या जमीनदारांपुरता तो बराचसा खरा आहे. पण सामान्य घरांत जुनी रीत पुढेही टिकली, हे दोनशे वर्षांनंतरच्या या भावांवरूनच दिसते. म्हणून पुढील प्रकरणांत दोन व्यक्तींचे आडनाव एकच आढळले, तरी तेवढ्यावरून त्यांना भाऊबंद समजू नये.