हापसा: विद्या परक्यांची, हात आपले

परदेशांतून आलेल्या स्वयंसेवी तंत्रज्ञांनी गरीब देशांत नेमके काय साधले, असा प्रश्न निघाला की बहुधा आफ्रिकेतील उदाहरणे पुढे केली जातात. आम्हांस मात्र त्याचे उत्तर मराठी मुलखातच, गावातल्या साध्या हापशात सापडते.

दख्खनचा काळा कातळ फोडून विहीर खणणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम. 1960 च्या दशकात ख्रिस्ती मिशनांनी व पाश्चात्त्य सेवाभावी संस्थांनी हवेच्या दाबावर चालणारी वेधनयंत्रे आणली आणि तेच काम एकदोन दिवसांवर आले. 1966-67 च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफही या कामात उतरली. विंधन विहिरी झाल्या, पाणी लागले. प्रश्न उरला तो पाणी वर काढण्याचा.

विहिरींवर बसवलेले बिडाचे पंप मुळात पाश्चात्त्य देशांतील एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले होते. येथे त्यांवर दिवसभर अख्ख्या गावाची रांग लागे. दांडे मोडत, खिळी झिजत. 1974 च्या सुमारास युनिसेफच्या पाहणीत जवळजवळ 75 टक्के पंप बंद आढळले. पाणी पायाखाली असूनही बायकांची पायपीट थांबली नव्हती.

उपाय निघाला तो मिशनांच्या छोट्या कार्यशाळांतून. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या जालन्यात मिशनच्या मंडळींनी बिडाऐवजी पोलादाचा, अनेक सांध्यांऐवजी एकाच सांध्यावर फिरणारा पंप घडवला. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला कमानदार भाग व साखळी होती. त्यामुळे आतली सळई वाकडी न होता सरळ वर ओढली जाई. याच आराखड्यावरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. कोइमतूर परिसरात चाचण्या झाल्या, 1970 च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन सुरू झाले आणि 1979 मध्ये भारतीय मानक ठरले. या पंपावर कोणी मक्तेदारी सांगितली नाही. आराखडा सर्वांस खुला राहिला. पुढे युगांडात तो ‘यू-टू’ नावाने रुजला.

एवढ्याने कथा संपत नाही. खोल बसवलेली नळी वर ओढण्यास तिकाटणे, जड अवजारे व तालुक्याहून येणारे पथक लागे. अडीचशे माणसांमागे एक पंप हा सरकारी निकष कागदावर पूर्ण होई. पण वायसर झिजला की गाव पथकाची वाट पाहत बसे. म्हणून 1980 च्या दशकात ‘मार्क थ्री’ आला. त्याची नळी रुंद केल्यामुळे ती न उपसता आतला दट्ट्या बाहेर काढता येऊ लागला. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात तर 1990 च्या दशकात ग्रामीण स्त्रियाच हातपंप दुरुस्त करू लागल्या.

प्रशासनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. परके तंत्रज्ञ आले, म्हणून खडक फुटला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांची विद्या गावात टिकली, ती येथल्या कार्यशाळांनी तिला येथल्या वापराजोगे रूप दिले तेव्हाच. मदतीची मोजदाद उद्घाटनाच्या दिवशी किती पंप चालू होते यावरून करू नये. पाहुणे परतल्यावर बंद पडलेला पंप कोण आणि किती दिवसांत चालू करतो, हे विचारावे.