लिटरचा डबा घ्यावा की किलोचा?

दुकानात तेलाचा १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा शेजारी शेजारी असतात. दिसायला जवळपास सारखे, भावात मात्र फरक. 'लिटरवाला स्वस्त पडतो' म्हणून आपण तो उचलतो. पण त्यात तेल भरतं पावणेचौदा किलोच्या आसपास. ही दुकानदाराची लबाडी नव्हे. लिटर म्हणजेच किलो, असं आपणच धरून चालतो. ही समजूत आली कुठून, ते सांगतो.

आपल्या जुन्या मापांतही हा गोंधळ होताच. 'शेर' हे वजन आणि 'शेर' हेच धान्याचं मापही. चिपटं, मापटं, शेर, पायली ही भरून द्यायची मापं; तराजूतला शेर निराळा. शिवाय कच्चा शेर, पक्का शेर, आणि तेही मुलखागणिक वेगळे. नेमकं किती मिळालं, हे गिऱ्हाइकाने ताडायचं कसं?

फ्रान्समध्येही हेच रडगाणं होतं. क्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने त्यावर तोडगा काढला. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात मावेल तेवढं आकारमान म्हणजे लिटर. एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याचं वजन म्हणजे ग्रॅम. आधी त्यासाठी वितळत्या बर्फाचं तापमान धरलं होतं. पण पाणी सगळ्यात दाट असतं ते सुमारे ४ अंशाला, म्हणून १७९९ साली प्लॅटिनमचा किलो बनवताना तेच तापमान धरलं. म्हणजे लिटरभर पाणी एक किलो भरतं, हा योगायोग नाही. माणसांनी ते ठरवून जुळवलंय. आणि जुळवलंय फक्त पाण्यापुरतं!

१९०१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दोन गोष्टी झाल्या. किलो हे वस्तुमानाचं एकक आहे आणि वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, हे स्पष्ट केलं गेलं. दुसरं म्हणजे, लिटरची व्याख्याच 'एक किलो पाण्याचं आकारमान' अशी केली. पण तो लिटर भरला १००० नव्हे, तर १०००.०२८ घन सेंटिमीटर. एवढासा फरक, तरी शास्त्रज्ञांना तो खटकत राहिला. शेवटी १९६४ साली ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हा घनमापाला बांधला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, आणि ऑक्टोबर १९५८ पासून शेराच्या जागी किलो येऊ लागला.

पाणी सोडलं की हिशोब बदलतो. लिटरभर दूध सुमारे १०३० ग्रॅम, तेल ९१०–९२० ग्रॅम. पेट्रोल तर पाऊण किलोच्या आसपासच.

हा हिशोब चुकला की काय होतं, ते कॅनडात २३ जुलै १९८३ रोजी दिसलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला हवं होतं २२,३०० किलो इंधन. लिटरचे किलो करताना लिटरमागे ०.८ किलोऐवजी १.७७ हा पौंडांचा आकडा वापरला गेला. विमानात निम्म्याहून कमी इंधन भरलं आणि आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले.

आपल्या तेलात जीव जात नाही, पैसे जातात. तेल तापलं की फुगतं, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये कमी तेल बसतं. काही उत्पादक पिशवीवर लिटरसोबत ६० अंश तापमान छापत होते. सरकारी आकड्यांप्रमाणे लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. पिशवीमागे २६ ग्रॅम. १५ लिटरमागे जवळपास ४०० ग्रॅम! ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं, की तापमान छापू नका आणि लिटरबरोबर वजनही छापा.

तेव्हा पिशवी घेताना लिटरचा आकडा सोडा, खालचे ग्रॅम वाचा. किमतीला त्या ग्रॅमने भागा आणि मग दोन ब्रँडची तुलना करा. पेट्रोल पंपावरही १५ अंशाची घनता लिहिलेली असते. शंका आली तर हायड्रोमीटरने ती तपासून मागा. तो आपला हक्क आहे, आणि मागायला लाजायचं काही कारण नाही.