प्रहर, घटका आणि तास

वेळापत्रकातला ‘गणिताचा तास’ बहुधा ३५-४० मिनिटांतच संपतो. हा शब्द मुळात वेळेचा नव्हेच. फारसीत ‘तास’ म्हणजे वाडगे. मराठीत टोले देण्याच्या धातूच्या थाळीलाही तास म्हणत. हिंदीतल्या ‘घंटा’चेही तसेच झाले: वाजणाऱ्या वस्तूचे नाव कालावधीला मिळाले.

घटका आली घटावरून. बुडाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. अहोरात्रात अशा ६० घटका. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार इथलाच. आणि ‘घड्याळा’तही हा घट लपलेला आहेच.

प्रहर हाही शब्द टोल्याचाच, पण त्याचे माप निराळे. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार भाग म्हणजे प्रहर. घटिकापात्र बारा महिने तेवढ्याच वेळात भरते. प्रहर मात्र ऋतूप्रमाणे लांबतो, आखडतो. पुण्यात दिवस डिसेंबरअखेर सुमारे ११ तासांचा, तर जूनअखेर सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे दिवसाचा प्रहर पावणेतीन तासांपासून सव्वातीन तासांपलीकडे जातो. ‘एक प्रहर म्हणजे तीन तास’ हे पाठ्यपुस्तकी समीकरण केवळ सरासरीचे आहे. पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्तावरून विद्यार्थ्यांना आजचा प्रहर काढता येईल.