निकितीनची उमरी

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुदखेड मागे पडले की उमरी लागते. नांदेड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. पंधराव्या शतकातील एका रशियन व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तात ‘उमरी’ हे नाव स्पष्टपणे आलेले आहे. त्याच वृत्तात बीदरचे विस्तृत वर्णन आहे आणि बीदर या उमरीपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. ही दोन माहितीची टोके शेजारी ठेवली की मराठवाड्यातील वाचकाच्या मनात एक प्रश्न आपोआप उभा राहतो : ती उमरी म्हणजे हीच का? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे आहे. परंतु त्या उत्तरापर्यंत पोचताना प्रवासवृत्त नावाच्या साधनाबद्दल बरेच काही हाती लागते, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

व्यापाऱ्याचे नाव अफनासी निकितीन. व्होल्गा नदीच्या काठावरील त्वेर हे त्याचे गाव. नदीने उतरत कॅस्पियन समुद्राकडे जाताना आस्त्राखानजवळ तातारांनी त्याच्या तांड्याला लुटले. त्यात त्याची पुस्तकेही गेली. मागे फिरावे तर कर्ज डोक्यावर, म्हणून तो पुढेच गेला : दर्बंद, बाकू, इराण, होर्मुझ आणि तेथून जहाजाने चौल. भारतातील त्याचे वास्तव्य जुन्या गणनेनुसार १४६९ ते १४७२ या काळातले, तर एल. एस. सेम्योनोव्ह या संशोधकाच्या मांडणीनुसार १४७१ ते १४७४ या काळातले ठरते. परतताना स्मोलेन्स्कजवळ, त्वेरला पोचण्यापूर्वीच तो मरण पावला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोत आणून महाराजपुत्राचा कारभारी वसीली मामीरेव्ह याच्या हवाली केल्या आणि त्या तेथील इतिवृत्तात समाविष्ट झाल्या. पुढे साडेतीनशे वर्षे त्या विस्मृतीत गेल्या. इतिहासकार करमझिनला एका मठात त्यांची प्रत सापडली आणि १८२१ साली त्या छापून निघाल्या. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने आज हे वृत्त ओळखले जाते.

रशिया आणि दूरचे गाव हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे सायबेरिया येतो. ओब किंवा येनिसेई यांसारखी अवाढव्य नदी, वर्षातील निम्मे महिने गोठलेली. तिच्या काठावर लाकडी घरांची चिमुकली वस्ती. उन्हाळ्यात नावेशिवाय आणि हिवाळ्यात घसरगाडीशिवाय जिथे पोचता येत नाही असे ठिकाण. दूरत्वाची याहून पक्की प्रतिमा आपल्याजवळ नाही. पण कालपट थोडा मागे सरकवून पाहावा. यर्माकने उरल पर्वत ओलांडून सायबेरियात मोहीम नेली ती १५८०च्या दशकाच्या आरंभी. ओबच्या मुखाकडील ओब्दोर्स्क हे ठाणे वसले १५९५ साली. तेच आजचे सालेखार्द. निकितीनने जुन्नर आणि बीदर पाहिले ते याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी. उत्तरेतील नोव्हगोरोदचे लोक केसाळ कातड्यांसाठी त्यापूर्वीही ओबच्या खालच्या पात्रापर्यंत जात असत हे खरे. परंतु रशियन भाषेत बीदरच्या राजवाड्याचे आणि दख्खनच्या चिखलाचे वर्णन लिहिले गेले तेव्हा सायबेरियातील बहुतेक रशियन नदीवस्त्या अस्तित्वातच यायच्या होत्या. त्वेरच्या माणसाला तेव्हा जगाचे टोक होते ते आपले गाव.

आता त्या उमरीकडे वळू. चौलहून जमिनीच्या वाटेने आपण आठ दिवसांनी डोंगराच्या पायथ्याशी पालीला आलो, असे निकितीन सांगतो. तेथून दहा दिवसांनी उमरी, हे एक हिंदी शहर. आणि तेथून पुढे सहा-सात दिवसांनी जुन्नर. उमरीविषयी सबंध वृत्तात एवढेच आहे. ना तिथल्या बाजाराचा उल्लेख, ना देवळाचा, ना पाण्याचा.

पाली म्हणजे रायगड जिल्ह्यातील सुधागड-पाली, असे सामान्यतः मानले जाते आणि जुन्नरविषयी शंकाच नाही. तेव्हा ही उमरी या दोहोंच्या दरम्यान, घाटाच्या अलीकडे-पलीकडे कोठेतरी असली पाहिजे. नांदेडची उमरी जुन्नरच्या पूर्वेस सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. कोकणातून निघालेला माणूस दहा दिवसांत साडेचारशे किलोमीटर तुडवून गोदावरीच्या खोऱ्यात येतो आणि मग आठवड्याभरात उलटा फिरून जुन्नर गाठतो, ही कल्पना कोणत्याही नकाशावर बसत नाही. नावाचे साम्य तर पुरावा म्हणून फारच लंगडे आहे. उंबराच्या झाडावरून पडलेली म्हणावीत अशी उमरी, उंबरी, उंबरे ही गावनावे महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत. निकितीनने ऐकलेला उच्चार यांपैकी कशाचाही असू शकेल. सारांश, ती उमरी ही नव्हे.

येथे लेख संपवता आला असता. परंतु त्या तीन आकड्यांकडे पुन्हा पाहावे असे आहे. चौलपासून पालीचे अंतर सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या थोडेफार पुढे भरते, आणि त्यासाठी निकितीनला आठ दिवस लागले. चौल ते जुन्नर हे सव्वाशे किलोमीटरचे अंतर कापायला तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. बरोबर शंभर रूबल किमतीचा एक घोडा होता. तोच त्याचा सारा माल आणि सारी आशा. त्या घोड्याला जपत, कोणाची सोबत मिळेल तिच्या चालीने, परक्या मुलखातून हा माणूस चालला होता. म्हणजे त्याचे ‘दिवस’ हे अंतराचे माप नव्हेच. त्यात चाल आहे तशीच खोळंबाही आहे. ‘पालीहून दहा दिवसांवर उमरी’ या विधानात आपल्याला कळते ते निकितीनविषयी. उमरीविषयी जवळजवळ काहीच नाही.

मग जुन्नरविषयी मात्र तो इतके का सांगतो? कारण जुन्नरात तो अडकला. पावसाळा लागला, चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत येथले लोक नांगरतात नि पेरतात हे रशियन डोळ्यांना नवल वाटले. घोड्यांना हरभरे आणि साखर-लोणी घातलेली खिचडी चारतात, ही नोंद त्याने केली. शिवनेरीचा खडा कडा, त्यावर एकेकट्याने चढण्याची अवघड वाट, पदरी हत्ती-घोडे असूनही माणसांच्या खांद्यांवरून फिरणारा खान, हे सारे त्याने पाहिले. त्याच असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही तर दोन्ही गमावशील, अशी चार दिवसांची मुदत घातली. खोजा महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा सुटका झाली. घोडा परत मिळाला. या प्रसंगानंतर आपल्या रशियन बांधवांना तो कडवट सल्ला देतो : हिंदुस्थानात जायचे असेल तर आपला धर्म घरी ठेवून निघा.

गाव प्रवाशाच्या लेखी ‘गाव’ कधी होते, याचे उत्तर येथे मिळते. जिथून तो बिनहरकत पुढे जातो, ते ठिकाण त्याच्या वहीत केवळ नाव म्हणून उरते; जिथे त्याला थांबवले जाते तिथे पाऊस, पीक, कडा आणि माणसे दिसू लागतात. उमरीत त्याला कोणी अडवले नाही, छळले नाही, लुटले नाही. इतिहासाच्या दृष्टीने हे त्या गावाचे दुर्दैवच म्हणायचे!

बीदरला तो दीर्घकाळ राहिला. तेथे त्याने घोडा विकला आणि तेथील हिंदूंशी ओळखी केल्या. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने त्यांना सांगितले, तेव्हापासून त्यांनी आपले खाणेपिणे, व्यापार, प्रार्थना, घरच्या बायका असे काहीच त्याच्यापासून लपवले नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या शिवरात्रीच्या यात्रेस गेला आणि हे यांचे जेरुसलेम, असे समजला. बीदरपासून बारा कोसांवर भरणाऱ्या शेख अलाउद्दीनच्या, म्हणजे आळंदच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असे त्याने लिहिले. सुलतान तिसरा महंमदशाह विशीतला, आणि सत्ता खुरासानी सरदारांच्या हाती, हे त्याने नेमके टिपले. हा काळ महमूद गावानचा. १४७२ साली बीदरला मदरसा उभारणारा, पूर्वीच्या चार तरफांच्या आठ तरफा करून माहूरला एका तरफेचे ठाणे देणारा आणि शेवटी १४८१ साली सुलतानाच्या हुकमाने मारला गेलेला हा वजीर मूळचा इराणातील गिलानचा, आणि प्रथम निकितीनसारखाच व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आलेला. एका परदेशी व्यापाऱ्याच्या राज्यात दुसरा परदेशी व्यापारी आपल्या एकुलत्या घोड्याला गिऱ्हाईक शोधत होता.

याच भागात निकितीनने एक निरीक्षण नोंदवले आहे, जे माझ्या मते सबंध वृत्तातील सर्वांत महत्त्वाचे आहे. देश माणसांनी गजबजलेला. खेड्यांतले लोक अतिशय दरिद्री, आणि सरदार मात्र बलाढ्य नि ऐश्वर्यात लोळणारे, अशा आशयाचे ते आहे. या खेडुतांच्या गावांची नावे तो देत नाही. पण बीदरला सारा पोचवणाऱ्या त्या अनाम गावांत उदगीर-देगलूरकडची गावे असणार, आणि माहूरच्या तरफेतली नांदेडकडची गावेही त्याच राज्याची. नांदेडची उमरी निकितीनच्या यादीत नाही. या एका वाक्यात मात्र ती असू शकते. नावाचा धागा तुटतो तेथे हा दुसरा, अधिक खरा धागा सापडतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे अशी आणखी एक गोष्ट या वृत्तात आहे. निकितीनची भाषा मध्येच बदलते. रशियनमधून तो एकाएकी तुर्की-फारसीच्या बाजारी मिश्रणात शिरतो. जे मायदेशी सहज वाचले जाऊ नये, ते तो या परक्या भाषेत लिहितो. बायकांच्या दरांसंबंधीच्या नोंदी त्यात आहेत. आणि रशियासारखी भूमी जगात नाही, पण तेथील सरदार अन्यायी आहेत, ही कबुलीही त्यातच आहे. बीदरच्या सरदारांबद्दल तो उघडपणे रशियनमध्ये लिहू शकला. स्वतःच्या देशातील सरदारांबद्दल लिहिताना त्याला दख्खनच्या वाटेवर शिकलेली भाषा पांघरावी लागली. पुस्तके लुटली गेल्यामुळे सणांचे दिवसही त्याला नेमके कळत नव्हते. अंदाजाने ईस्टर पाळणाऱ्या या माणसाची प्रार्थना शेवटी शेवटी अरबी-तुर्की शब्दांत उमटते.

दोनशे वर्षांनी आपल्या भागातून खरोखरच परदेशी प्रवासी गेले. औरंगाबादहून गोवळकोंड्याला जाणारी वाट नांदेडवरून जात असे. १६६७च्या सुमारास फ्रेंच प्रवासी थेवेनो या वाटेने गेला. रत्नांचा व्यापारी ताव्हेर्निये यानेही हाच मार्ग वर्णिला आहे. नांदेडला नदी उतरावी लागते आणि दर गाड्यामागे पैसे मोजावे लागतात, हे ताव्हेर्नियेने व्यापाऱ्याच्या काटेकोरपणे सांगितले. आणि त्याच नदीबद्दल ती पुढे गंगेला मिळते असे चुकीचे लिहिले. ही चूक मोठी बोलकी आहे. गोदाकाठचा माणूस नदीला आजही गंगाच म्हणतो. नावाड्याने किंवा नाक्यावरच्या कारकुनाने जे सांगितले तेच परदेशी माणसाने लिहिले. भूगोल चुकला, बोली मात्र अचूक उतरली.

याउलट आतल्या माणसाने केलेली नोंद कशी असते हे पाहायचे तर महानुभावांच्या ‘स्थानपोथी’कडे जावे. चक्रधरस्वामी गोदाकाठच्या ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, तेथील देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे, हे सारे त्यात नोंदलेले आहे. निकितीनच्या आधीचे हे लेखन आहे. एका बाजूस ‘दहा दिवसांवर उमरी’, दुसऱ्या बाजूस देवळाच्या कोपऱ्यापर्यंतचा तपशील. श्रद्धाळू अनुयायाला कोणतेही गाव आडवळणाचे नव्हते, कारण तो पुढे जाण्यासाठी तेथे आलेलाच नव्हता. इतिहासकाराला दोन्ही प्रकारची साधने लागतात. फक्त एकाकडून दुसऱ्याचे काम करून घेऊ नये.

आज त्वेरला व्होल्गाकाठी निकितीनचा पुतळा आहे. तो १९५५ साली उभा राहिला. १९५७ साली भारत आणि सोव्हिएत संघाने मिळून त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. चौललगतच्या रेवदंड्यातही त्याचे स्मारक आहे. नामवंत प्रवाशाचा स्पर्श आपल्या गावाला झाला होता असे सिद्ध करण्याची हौस सर्वत्र असते. नांदेडच्या उमरीला तिची गरज नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या ऐन धुमाळीत, स्वातंत्र्यसैनिकांनी याच गावातील हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटून निजामी सत्तेला हादरा दिला. त्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, आणि साऱ्या देशाच्या स्मरणात ती तारीख वेगळ्या कारणाने कोरली गेली. त्यामुळे उमरीची ही नोंद पाठ्यपुस्तकांच्या कडेला राहिली. तिचे साक्षीदार आता जवळजवळ उरलेले नाहीत. निकितीनच्या दोन शब्दांवर दावा सांगण्यापेक्षा, त्या दिवसाच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तेथे वही घेऊन जाणे अधिक निकडीचे आहे.